पुण्यातील पक्षी व वन्यजीव छायाचित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळ्यात कॅमेरा अडकवून रविवारी सकाळी पाषाण तलावावर किंवा कवडीपाटला उभे राहिले की दोन-चार जण जवळ येऊन काहीतरी विचारतातच. उरलेले संदेश पाठवून विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल, तर तो परत न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात करायची आहे. कोणता कॅमेरा घेऊ?

आधी लेन्स ठरवावी, मग कॅमेरा. पक्षी लहान असतो आणि लांब असतो, त्यामुळे ३०० मिलिमीटरपेक्षा कमी लेन्सवर बहुतेकांची निराशा होते. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर सुमारे ६०० मिलिमीटरइतका जवळचा देखावा मिळतो. म्हणून नवशिक्यासाठी महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा क्रॉप सेन्सरचा जुना कॅमेरा आणि बरी झूम लेन्स ही जोडी अधिक उपयोगी ठरते. कंपनी कोणती, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. ओळखीत कोणाकडे लेन्स असतील, तर त्याच कंपनीचा कॅमेरा घ्यावा, म्हणजे अडीअडचणीला लेन्स मागता येते.

वापरलेली लेन्स घ्यायला हरकत नाही, मात्र विकत घेण्यापूर्वी मागच्या बाजूने टॉर्च मारून आत बुरशी नाही ना, हे पाहावे (प्रश्न १५). आणि वजन हातात घेऊन बघावे. दोन किलोची लेन्स दुकानात हलकी वाटते. सिंहगडाच्या पायथ्याला तासभर खांद्यावर वागवली की तिचे खरे वजन कळते. पैसे उरलेच, तर ८×४२ ची दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीतून पाहण्याची सवय असलेल्या माणसाचे फोटो लवकर सुधारतात, असे माझे निरीक्षण आहे.

२. मोबाइलवर होणार नाही का?

लांबच्या पक्ष्यासाठी नाही. मात्र पावसाळ्यातले बेडूक, कोळी, नाकतोडे, फुलपाखरे यांच्यासाठी आजचा चांगला मोबाइल पुरेसा आहे, आणि टेकडीवरच्या खडकाळ डबक्याशी पोटावर पडून काढलेला मोबाइलचा फोटो कित्येकदा मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस येतो. तेवढा पोटावर झोपण्याआधी आजूबाजूचे दगड डोळ्यांनी तपासावेत. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर फुरसे आढळते.

३. पुण्यात सुरुवात कुठून करावी?

स्वतःच्या सोसायटीतून. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, तरीही तेच देतो. शिंजीर, शिंपी, दयाळ, लालबुड्या बुलबुल, तांबट, राखी धनेश आणि जुन्या वडा-पिंपळाच्या ढोलीतला पिंगळा हे सगळे शहरात राहतात, माणसाला सरावलेले असतात आणि रोज त्याच वेळी त्याच फांदीवर येतात. हात बसवण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

त्यानंतर वेताळ टेकडी, तळजाई आणि पाषाण तलाव. हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे मुळा-मुठेच्या काठचे कवडीपाट. तेथे नदीला वास येतो, बंधाऱ्याखाली फेस साचतो, काठावर प्लास्टिक अडकलेले असते. आणि त्याच पाण्यात ब्राह्मणी बदके, शेकाटे, धोबी, चित्रबलाक निवांत चरत असतात. पहिल्यांदा येणारे प्लास्टिक टाळून चौकट साधण्याचा प्रयत्न करतात. एखादा तरी फोटो ते प्लास्टिक धरून काढावा, कारण ती नदी तशीच आहे.

झाडीतल्या पक्ष्यांसाठी सिंहगडाच्या पायथ्याची दरी चांगली. उन्हाळ्यात ओढा आटून जागोजागी डबकी उरतात, त्यांवर पाणी प्यायला आणि अंघोळीला पक्षी उतरतात. स्वर्गीय नर्तकाचा लांब शेपटीचा पांढरा नर पाहायला बहुतेक जण तेथेच जातात.

मात्र दर रविवारी नवी जागा शोधण्यापेक्षा एकाच जागी वीस वेळा जाणे अधिक फळते. कोणता पक्षी कोणत्या काठीवर बसतो, ऊन त्या काठीवर किती वाजता येते आणि तो उडाला तर कोणत्या बाजूला उडतो, हे वीस खेपांनंतर पाठ होते.

४. कोणते महिने चांगले?

पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च, कारण हिवाळी पाहुणे त्या काळात येथे असतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, तोही हंगामाच्या तोंडाशीच येतो. जानेवारी ते मार्च या काळात काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात; फुललेल्या एका सावरीखाली सकाळचे दोन तास बसले, तर साळुंक्या, भोरड्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर असे डझनभर प्रकारचे पक्षी मान वर करूनच पाहता येतात. मे-जूनच्या संधिकालात नवरंग येतो. ऐन पावसाळ्यात उजेड कमी असतो, पण सुगरणींची घरटी त्याच काळात विणली जातात (घरट्यांबाबत प्रश्न ११ आधी वाचावा).

५. कॅमेऱ्याचे सेटिंग काय ठेवू?

सर्वांना लागू पडेल असे एक सेटिंग नसते, पण आरंभासाठी पुढील मांडणी चालते. एपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र) लेन्सला शक्य तितके उघडे, म्हणजे साधारण एफ ५.६ किंवा ६.३; आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ऑटोवर; फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. शटरचा वेग मात्र पक्षी काय करतो आहे, यावर ठरवावा. बसलेल्या आणि स्थिर पक्ष्याला टेकू असल्यास १/२५० सेकंद पुरतो, चालत्या-टिपत्या पक्ष्याला १/१००० लागतो, उडणाऱ्याला १/२००० किंवा अधिक. वेड्या राघूसारखा झटक्यात वळणारा पक्षी १/३२०० लाही कधी कधी पंख पुसट करतो.

आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात, या भीतीने पुष्कळ जण शटर मंद ठेवतात. दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात. हललेला फोटो सावरता येत नाही. फोकस नेहमी डोळ्यावर असावा.

६. बगळा पांढराफटक येतो आणि आकाशातली घार कोळशासारखी काळी. चूक कुठे होते?

कॅमेऱ्याला समोर बगळा आहे की घार आहे, हे कळत नसते. तो संपूर्ण दृश्याचा उजेड मोजून सरासरी मध्यम करड्याकडे नेतो. गडद पाण्यात पांढरा बगळा असेल, तर कॅमेरा अंधार जास्त आहे असे समजून उजेड वाढवतो आणि पिसांचे बारकावे जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करावे. आकाशातल्या घारीच्या बाबतीत नेमके उलटे घडते, म्हणून अधिक १ ते अधिक १.५. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेतली असेल, तर काळी आलेली घार नंतर बरीचशी उजळता येते, पण पूर्ण जळालेली पांढरी पिसे परत येत नाहीत.

७. स्क्रीनवर चांगला दिसलेला फोटो घरी आल्यावर धूसर का निघतो? लेन्स खराब आहे का?

शंभरातल्या नव्वद वेळा लेन्स खराब नसते. मंद शटर हे पहिले कारण (प्रश्न ५). दुसरे कारण अंतर: साठ मीटरवरचा खंड्या कापून मोठा केला, तर कोणतीही लेन्स त्यात पिसे दाखवू शकत नाही. तिसरे कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही, ते म्हणजे तापलेली हवा. सुप्याच्या किंवा इंदापूरच्या माळावर सकाळी दहानंतर जमिनीवरून उठणारी हवा डांबरी रस्त्यावरच्या मृगजळासारखी थरथरते आणि तिच्यातून काढलेले चिंकाऱ्याचे दहाही फोटो दहा प्रकारे वाकडे येतात. त्यावर एकच उपाय आहे, कॅमेरा बंद करून चहा प्यावा.

गाडीतून फोटो काढताना खिडकीच्या काठावर बीन बॅग ठेवली की हात स्थिर राहतो. विकत घेण्याची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून एक बाजू शिवून घ्यावी आणि आत दोन किलो तांदूळ भरावेत. बाहेरगावी जाताना रिकामी पिशवी न्यावी व तांदूळ तेथेच घ्यावेत.

८. मी जवळ गेलो की पक्षी उडून जातो. काय करावे?

जवळ जाऊ नये. त्याला येऊ द्यावे. जावेच लागले, तर सरळ रोखाने न चालता तिरके, थांबत थांबत आणि त्याच्याकडे टक न लावता जावे. पक्षी मान ताठ करतो, चरणे थांबवतो, शेपटी किंवा डोके झटकतो, किंवा विष्ठा टाकतो, तेव्हा तो उडण्याच्या बेतात असतो. त्याच क्षणी जागच्या जागी बसावे. पाच मिनिटांत तो पुन्हा चरू लागला, तर ते अंतर त्याला चालते असे समजावे. गाडीला पुष्कळ पक्षी बुजत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की बुजतात. म्हणून नीलपंखाचे उत्तम फोटो बहुधा गाडीच्या खिडकीतूनच मिळतात.

९. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) हमखास दिसतात का? कधी जावे?

हमखास कोणीच सांगू शकत नाही, आणि त्याचे कारण पाण्यात आहे. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरचे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा भाग भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ आहे. रोहित उथळ पाण्यात उभा राहून, मान खाली घालून, चोचीने चिखलपाणी गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेले असले, तर त्याला उभे राहण्याजोगी जागाच उरत नाही. पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले की थवे येतात. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरात गेलेले लोक रिकाम्या हाताने परततात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेल्यांना शेकड्यांनी मिळतात. निघण्यापूर्वी स्थानिक नावाड्याला फोन करून पाणी किती उतरले, एवढेच विचारावे. पट्टकदंब हंस मात्र हिवाळ्यातच पाहून घ्यावेत, ते मार्चनंतर हिमालय ओलांडून उत्तरेकडे परततात.

याला जोडून आणखी एक विचारणा येते, की फोटोतले रोहित गुलाबी का दिसत नाहीत. तो रंग खाद्यातून येतो आणि हळूहळू चढतो, त्यामुळे लहान वयाचे रोहित करडे-मळकट असतात. मोठ्या पक्ष्याचाही खरा गुलाबी-लाल रंग पंखांत दडलेला असतो आणि पंख उघडल्यावरच दिसतो. येथूनच एक वाईट प्रथा सुरू झाली आहे. पंख उघडलेले दिसावेत म्हणून प्रवासी नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगतात. एकदा माझ्याच नावेतल्या एका गृहस्थांनी वर दोनशे रुपये देऊ केले, नावाडी तरुण होता, त्याने वल्हे नावेत आडवे ठेवले आणि "साहेब, ते उद्या आले नाहीत तर मी काय दाखवू?" एवढेच म्हणाला. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावर धावत जावे लागते, त्यात त्याची बरीच शक्ती जाते. अर्धा तास नाव बांधून बसले, तर थवा आपणहून एकदा तरी जागा बदलतो.

१०. अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते का?

लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यातील प्रवेशासाठी परवाना दिला जातो आणि त्याच्या उद्देशांत छायाचित्रणाचाही समावेश आहे. हौशी पर्यटकाच्या बाबतीत प्रवेशद्वारावरची पावती किंवा ऑनलाइन आरक्षण हाच तो परवाना. अनेक ठिकाणी कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क घेतात. व्यावसायिक चित्रीकरणाची प्रक्रिया निराळी असते.

पुणेकरांना जवळचे म्हणजे बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे आणि चिंकाऱ्यासाठी ओळखले जाते. माळावरचे लांडगे, खोकड आणि धाविक, भोवत्या हे पक्षी हवे असतील, तर वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे सुरू केलेली गवताळ प्रदेशाची सफारी घ्यावी. माळ ओसाड दिसतो म्हणून गाडी रस्ता सोडून कुठेही घालणारे लोक पाहिले की वाईट वाटते, कारण चंडोल आणि धाविक यांची अंडी त्याच उघड्या जमिनीवर असतात. शेकरूसाठी भीमाशंकर, तेथे दाट छायेमुळे उजेड कमी मिळतो, हे गृहीत धरून आयएसओ वाढवावा. ताडोबाला जाणार असाल, तर गाभा क्षेत्र पावसाळ्यात आणि एरवी मंगळवारी बंद असते.

११. घरट्याचे आणि पिलांचे फोटो काढावेत का?

आमचे मत, नाही. कायद्याचेही ऐकून ठेवावे: १९७२ च्या अधिनियमात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा पोहोचवणे आणि अंडी अथवा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे.

टिटवीचे उदाहरण घ्या. मे महिन्यात उघड्या माळावर चार खडेच वाटावेत अशी तिची अंडी असतात. टिटवी ऊब देण्यासाठी बसते, तशीच सावली देण्यासाठीही बसते. दुपारी ती डबक्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. आपण कॅमेरा घेऊन दहा पावलांवर उभे राहिलो, तर ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहते, खाली उतरत नाही. आपल्याला वाटते, काय छान उडतानाचे फोटो मिळाले. तेवढ्या वेळात खाली चार अंडी उन्हात भाजत असतात, आणि तिचा आरडाओरडा ऐकून कावळेही जमतात.

अपवाद विचारले जातात. सुगरणीची वसाहत विहिरीवर लोंबत असते, ती दुरून, मोठ्या लेन्सने, फांदीला हात न लावता टिपायला हरकत नाही. खिडकीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले, तर पडद्याआडून एक-दोन फोटो काढून खिडकी लावून घ्यावी. चौकट "स्वच्छ" करण्यासाठी डहाळ्या तोडणे कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. ती डहाळी म्हणजे त्या पिलांचे छप्पर असते.

१२. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणे, किंवा खाद्य ठेवून हाइडमधून (लपून बसायच्या आडोशातून) फोटो काढणे चुकीचे आहे का?

आवाज ऐकून येणारा नर गाणे ऐकायला येत नाही, आपल्या हद्दीत कोणी घुसले आहे असे समजून भांडायला येतो. विणीच्या काळात तर हे मुळीच करू नये. एकाने एकदाच केले तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी त्याच दरीत त्याच सकाळी आणखी किती कॅमेरे आहेत, ते मोजावे.

हाइडचे उत्तर तितके सरळ नाही. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ आडोसा करून शांत बसणे पक्ष्यांना कमीत कमी त्रासाचे आहे, आणि त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर चांगलेच. पण जिवंत किडे टाचणीने फांदीला टोचून ठेवणे, शिकारी पक्ष्यापुढे उंदीर सोडणे हे प्रकार दिसले, तर उठून यावे. वन्यप्राण्याला आमिष दाखवणे हेही प्रश्न ११ मधील व्याख्येत शिकारच आहे.

१३. दुर्मीळ पक्षी दिसला तर ठिकाण सांगावे का?

तलावावर आलेले दुर्मीळ बदक असेल, तर खुशाल सांगावे. घुबडाची ढोली, शिकारी पक्ष्याचे घरटे, लांडग्याची गुहा किंवा खोकडाचे बीळ असेल, तर तालुक्यापलीकडे काही सांगू नये. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही साठलेले असतात, ते काढून मगच फोटो पुढे पाठवावा. पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर नोंद करण्यास हरकत नाही. संवेदनशील प्रजातींच्या नेमक्या जागा तेथे सार्वजनिकरीत्या दाखवल्या जात नाहीत.

१४. जुन्नरकडे बिबट्याचे फोटो मिळतात असे ऐकले आहे. रात्री गाडीने फिरलो तर?

फिरू नये. तेथील बिबटे उसात वाढतात आणि त्यांच्याशेजारी लोक राहतात. आपण स्पॉटलाइट मारून बुजवलेला बिबट्या पाच मिनिटांनी कोणाच्या वस्तीवर निघेल, ते सांगता येत नाही. वाटेत अचानक दिसलाच, तर गाडीतून उतरू नये, मोठे दिवे लावून ठेवू नयेत. जखमी किंवा विहिरीत पडलेला वन्यप्राणी आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दी जमवू नये.

१५. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?

एका जूनमध्ये मी लेन्स मूळच्या जाड बॅगेत नीट गुंडाळून कपाटात ठेवली आणि गणपती झाल्यावर काढली. टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. दुरुस्ती झाली, पण काचेवरच्या लेपाला पडलेला डाग आजही उन्हाच्या दिशेने फोटो काढताना जाणवतो. कापडी आणि फोमच्या बॅगा ओल धरून ठेवतात; पावसाळ्यात त्यांत लेन्स ठेवू नये.

हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते, मात्र निळ्या रंगाच्या प्रकारात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरावी; उजेड आणि हवा लागलेल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

१६. ड्रोनने पाणपक्ष्यांचे थवे टिपता येतील का?

अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. बाहेरही ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग आहेत, आणि लोहगावच्या विमानतळामुळे पुणे परिसराचा मोठा भाग निर्बंधांत येतो. नकाशा पाहिल्याखेरीज उडवू नये. परवानगी मिळाली, तरी थव्यावर ड्रोन नेणे म्हणजे प्रश्न ९ मधील नावेचेच मोठे रूप आहे.

१७. माझा फोटो एका संस्थेने न विचारता दिनदर्शिकेत छापला. त्यावर माझा हक्क आहे का?

आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो, नोंदणी केलेली असो वा नसो, आणि हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. फोटोवर नाव न टाकल्याने हक्क जात नाही. मूळ रॉ फाइल जपून ठेवावी. फोटो आपलाच आहे, हे दाखवायला त्याहून सोपा पुरावा नाही. आधी साधे पत्र लिहून मोबदला आणि नामोल्लेख मागावा, बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात.

दोन ठिकाणी मात्र हा नियम उलटतो. मोबदला देऊन कोणी तुमच्याकडून फोटो काढवून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काम देणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचेही साधारण तसेच आहे. स्पर्धांचे नियम तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. "प्रवेशिकेतील सर्व छायाचित्रे आयोजकांना कायमस्वरूपी, विनामोबदला वापरता येतील" असे वाक्य तेथे असेल आणि आपण खाली खूण करून फोटो पाठवला असेल, तर पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेबद्दल तक्रार करायला जागा राहत नाही.